आबांची विहीर : खोलीच्या भीतीसाठी आभासी अनुभव घडवताना आलेल्या अडचणी

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी जळगावात त्रिमितीय चित्रणाचे काम करतो. ज्यांचा पायाही अजून खोदलेला नाही अशा इमारतींमधून गिऱ्हाइकांना फिरवून आणणे, हा माझा रोजचा धंदा. गेल्या वर्षभरात मात्र फावल्या वेळात मी व्हीआर हेडसेटमध्ये, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जग दाखवणाऱ्या यंत्रात, एक विहीर बांधली आहे. ती कुठवर आली आणि कुठे अडली हे मांडून जाणकारांचे मत घ्यावे, यासाठी हा धागा काढत आहे.

विहीरच का, तर आमच्या आबांमुळे. आबा म्हणजे माझे थोरले काका. यावल तालुक्यात आमची केळीची बाग आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी विहिरीतली मोटर वर काढताना कप्पीवरचा दोर तुटला, मोटर खाली गेली आणि हिसक्याने आबा कठड्यावर आडवे पडले. खरचटण्यापलीकडे त्यांना काही झाले नाही, पण त्या दिवसापासून ते विहिरीच्या दहा पावलांच्या आत गेलेले नाहीत. पुढे ही भीती पसरत गेली. आता उन्हाळ्यात सारे घर गच्चीवर झोपते आणि आबा एकटे अंगणात खाट टाकतात. वर वारा लागत नाही, असे ते सांगतात. आमच्याकडच्या मे महिन्यात हे कारण कोणालाही पटण्यासारखे नाही, तरी घरात कोणी त्यांना खोडून काढत नाही.

वाचन सुरू केले तेव्हा कळले की ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ माणसाला पायरीपायरीने नेणे, ही मानसोपचारातली जुनी रीत आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाचा असा प्रयोग नोंदवला होता. मूल खाण्यात रमलेले असताना ससा दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणला जाई. १९९५ मध्ये अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पादचारी पूल, सज्जे आणि काचेची लिफ्ट संगणकात उभी करून उंचीला भिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांतून फिरवले. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने १०० जणांची चाचणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ४९ जणांनी हेडसेटमधल्या दहा मजली इमारतीत आभासी मार्गदर्शकाच्या सूचनांप्रमाणे कामे केली, त्यात झाडावर अडकलेले मांजर सोडवण्याचेही एक काम होते. आणि त्यांची उंचीची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. त्या सत्रांत उपचार सांगणारा हाडामांसाचा माणूस नव्हता, हे मला विशेष वाटले.

परंतु आबांनी काचेची लिफ्ट जन्मात पाहिलेली नाही. त्यांच्या भीतीला दगडी कठडा आहे, कपारीत पिंपळाचे रोप आहे, भिंतीत रोवलेल्या लोखंडी कड्या आहेत आणि तळाशी हिरवे पाणी आहे. म्हणून मी आमच्याच विहिरीची दोनशेच्या वर छायाचित्रे काढली आणि त्यांवरून ती उभी केली.

पहिली अडचण अशी आली की विहीर दिसायला हुबेहूब झाली, पण खोल वाटेना. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतल्या फरकावरून खोली ओळखण्याची आपली शक्ती जवळच्या अंतरातच खरी तीक्ष्ण असते, हे माझ्या ध्यानात नव्हते. शेवटी एका खड्याने काम केले. हातातला खडा विहिरीत टाकता येईल अशी सोय मी केली होती, पण त्याचा आवाज अर्ध्या सेकंदात येत असे. पाणी ५० फूट खाली असेल तर खडा पोचायला सुमारे पावणेदोन सेकंद लागतात. तेवढा वेळ ठेवला, 'डुबुक्' नंतर भिंतींवरून येणारा घुमारा जोडला आणि माझाच हात कठड्याकडे गेला. कठडा अर्थातच तिथे नव्हता आणि मी टेबलावरचा चहा सांडला.

दुसरी अडचण माझ्या हातातली नाही. आबांनी हेडसेट लावला, पाच मिनिटे शांत बसले आणि "काही नाही वाटत" म्हणून काढून ठेवला. मला आनंद झाला. रात्री नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की त्या पाच मिनिटांत त्यांची मान एकदाही खाली वळली नव्हती; ते सगळा वेळ बांधावरच्या बाभळीकडे पाहत होते.

आता पुढे काय करावे? मी विहिरीतून पारव्यांचा थवा एकदम वर उडण्याचे दृश्यही केले आहे, जेणेकरून त्यांचे लक्ष खाली जाईल. ते वापरावे का?

गिरणाथडी

मी चिकित्सा मानसशास्त्रात काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सर्वांत आधी पारवे उडवून लावा आणि परत आणू नका. दचकणे वेगळे आणि भीतीला सामोरे जाणे वेगळे. पारव्यांमुळे आबा दचकतील, हेडसेट ओढून काढतील, आणि विहिरीजवळ गेले की काहीतरी अंगावर येते हीच गोष्ट वीस वर्षांनी पुन्हा एकदा शिकतील.

आता बाभळीविषयी. आबांनी जे केले त्याला आम्ही सुरक्षावर्तन म्हणतो. डोळे मिटणे, कोणाचा तरी हात घट्ट धरणे, मनात आकडे मोजणे, सतत बोलत राहणे, ही सगळी त्याचीच रूपे. माणूस देहाने विहिरीवर असतो आणि मनाने बांधावर. त्याला त्रास होत नाही हे खरे, पण तो काही शिकतही नाही, कारण "खाली पाहिले असते तर तोल गेलाच असता" हा त्याचा समज जागच्या जागी राहतो. प्रत्यक्ष उपचारात हे ओळखायला मला रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहत बसावे लागते. तुमच्या यंत्राला मान कुठे वळली ते नेमके कळते. माझ्या मते तुमच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग चित्र नसून ही नोंद आहे.

पूर्वी असे मानत की माणूस पुरेसा वेळ थांबला की भीती आपोआप ओसरते आणि तेच उपचाराचे सार आहे. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के आणि इतरांच्या कामानंतर भर बदलला आहे. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवे शिकणे उभे राहते आणि दोघांची चढाओढ चालू राहते. म्हणून प्रत्येक पायरीआधी आबांना विचारा की नेमके काय होईल असे त्यांना वाटते. "चक्कर येऊन आत पडेन" असे ते म्हणाले तर पायरी झाल्यावर पुन्हा विचारा की काय झाले. अपेक्षा आणि अनुभव यांतली ही तफावत त्यांच्या स्वतःच्या तोंडून आली पाहिजे. आणि विहिरीत एकाच वेळची दुपार ठेवू नका. सकाळ, तिन्हीसांज, पाणी वर आलेले, पाणी आटलेले असे बदल ठेवा, म्हणजे शिकलेले एकाच दृश्याला चिकटून राहणार नाही.

दोन गोष्टी मात्र आधी तपासून घ्या. आबांना कानाच्या विकारामुळे खरोखरच चक्कर येत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी डॉक्टर हवा. आणि त्या अपघाताची त्यांना स्वप्ने पडत असतील, प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहून घाम फुटत असेल, तर तो साधा फोबिया नव्हे. मग घरच्या घरी विहीर दाखवू नये.

भुसावळ_जंक्शन

आपल्या मेहनतीचा आदर ठेवून एक सरळ प्रश्न विचारतो. विहीर शेतात आहे, आबा घरात आहेत, दोघांमध्ये फार तर एक मैल असेल. मग हजारो रुपयांचे यंत्र डोळ्यांवर बांधण्याऐवजी रोज दोन पावले पुढे याप्रमाणे आबांना खऱ्या विहिरीकडे का नेऊ नये? आमच्या पिढीला रेल्वेच्या पुलावरून तापी अशीच ओलांडायला शिकवली गेली.

गिरणाथडी

प्रश्न रास्त आहे, आणि आबा जायला तयार असतील तर तुमचाच मार्ग चांगला. नेदरलँड्समध्ये पॉल एमेलकॅम्प यांच्या गटाने २००२ मध्ये नेमकी हीच तुलना केली होती. ज्या खऱ्या ठिकाणी रुग्णांना नेले, तीच ठिकाणे संगणकात उभी करून दुसऱ्या गटाला दाखवली, आणि दोन्ही गटांना सारखाच लाभ झाला. म्हणजे आभासी विहीर खऱ्या विहिरीपेक्षा सरस आहे असा दावा कोणी करू नये.

तिचा उपयोग अडलेल्या ठिकाणी आहे. अनेक माणसे खऱ्या ठिकाणी यायला तयारच होत नाहीत आणि हेडसेट लावायला तयार होतात, कारण तो केव्हाही काढता येतो. शिवाय खऱ्या विहिरीचे पाणी मला हवे तेव्हा दहा फूट वर आणता येत नाही. मात्र शेवटची पायरी खऱ्या कठड्यावरच झाली पाहिजे. पुलाचे म्हणाल, तर जी मुले तेव्हा तो पूल ओलांडू शकली नाहीत ती आज ही गोष्ट सांगायला पुढे येत नाहीत.

भुसावळ_जंक्शन

शेवटचे वाक्य लागले. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच आहे.

पांझराकाठ

मी धुळ्याचा, खेळ तयार करणाऱ्या एका छोट्या चमूत आहे. धागाकर्त्यांनी कोणते यंत्र वापरले ते लिहिलेले नाही, पण मोबाइल अडकवायचा पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा डबा असेल तर ही विहीर चालणार नाही. गूगलने २०१४ मध्ये कार्डबोर्ड आणल्यापासून असे डबे स्वस्तात मिळतात, परंतु त्यांत मान वळल्याचे कळते, देह पुढे झुकल्याचे कळत नाही. विहिरीत डोकावण्याची क्रियाच मुळी पुढे झुकण्याची आहे. माणूस झुकला आणि विहीर त्याच्याबरोबर पुढे सरकली, तर आधी भास मोडतो आणि मागोमाग मळमळ सुरू होते.

मळमळीचे कारण साधे आहे. डोळे सांगतात की आपण हललो, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण जागेवर आहोत, आणि हे भांडण पोटाला सोसावे लागते. म्हणून कड्यांवरून विहिरीत उतरण्याचे दृश्य करण्याचा मोह टाळा. माणूस स्वतःच्या पायांनी जितका हलेल तितकीच दृष्टी हलू द्या. दुसऱ्या जागी न्यायचेच असेल तर पडदा काळा करून तिथे उघडा. चित्रांचा वेग सेकंदाला ७२ च्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे एक चित्र काढायला १४ मिलिसेकंदही मिळत नाहीत. दोनशे छायाचित्रांवरून केलेली विहीर फार जड असणार. दगडांचे आकार सोपे करा आणि बारकावे त्यांवर चढवायच्या रंगचित्रात भरा.

स्पर्शाकडेही लक्ष द्या. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी आभासी खड्ड्याच्या काठाशी जमिनीवर दीड इंच जाडीची खरी लाकडी फळी ठेवली होती. पायाच्या बोटांना खरी कड लागताच लोकांच्या हृदयाचे ठोके आणखी वाढले. आबांच्या कमरेइतक्या उंचीवर खरा खडबडीत दगड ठेवा आणि आभासी कठडा त्यावर नेमका बसवा. तुमचा चहाही वाचेल.

आणि आपल्याकडची एक अडचण परदेशी लेखांत सापडणार नाही. एप्रिलनंतर दुपारी हे यंत्र तापते, स्वतःचा वेग कमी करते, भिंगांवर घामाची वाफ धरते आणि मध्येच लाइट गेली तर पंखाही बंद होतो. गरमीने कासावीस झालेल्या माणसाला ती धडधड भीतीचीच वाटते. आम्ही चाचण्या सकाळी नऊच्या आत उरकतो.

केळीबाग_रावेर

हा धागा वाचून मनात आले की सापाच्या भीतीसाठी असे काही करता येईल का. आमच्या बागेत काम करणाऱ्या एका ताईंना पाचोळा वाजला तरी पाय उचलत नाही. त्या सापाला साप म्हणत नाहीत, 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणतात, आणि कोणाला पान लागल्याची, म्हणजे साप चावल्याची, बातमी आली की दोन दिवस कामावर येत नाहीत. रोजगार बुडतो तो वेगळाच.

गिरणाथडी

करता येईल, पण लक्ष्य कोणते ठेवायचे ते आधी ठरवावे लागेल. परदेशात कोळ्याच्या भीतीवर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात रुग्ण आभासी कोळी पाहत असताना तिच्या हाताला खेळण्यातला केसाळ कोळी लावला होता. वॉशिंग्टन विद्यापीठातले कार्लिन आणि हॉफमन यांचे ते १९९७ चे काम आहे. तिथे ते ठीक होते. केळीच्या बागेत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप निघू शकतात. हेडसेटमध्ये सापाला हात लावायला शिकलेली बाई उद्या खरोखर हात लावील, तर तो उपचार म्हणता येणार नाही.

त्या ताईंची सापाविषयीची सावधगिरी जाऊ नये, पाचोळ्याविषयीची भीती जावी. म्हणून दृश्यात बहुतेक वेळा फक्त पाचोळा वाजावा, त्यातून सरडा निघावा, बेडूक निघावा, वारा निघावा आणि क्वचित लांबवर साप जाताना दिसावा. तेव्हा ताईंनी जागीच थांबून सावकाश मागे यावे आणि काठी आपटत दुसऱ्या वाटेने काम पुरे करावे. पान लागलेच तर मांत्रिकाकडे न जाता तडक रुग्णालय गाठायचे, हेही त्यातच शिकवता येईल.

सातपुडा_पायथा

मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्यसेवेत आहे. आमच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी चालते, आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून तिचा वेग वाढला आहे. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा म्हटले की काही धडधाकट तरुण अक्षरशः कोसळतात. मागच्या महिन्यात एक जण बाकावरून पडला आणि कपाळाला टाके घालण्यासाठी त्याला आणखी एक सुई घ्यावी लागली. त्यांच्यासाठी असा अनुभव चालेल का?

गिरणाथडी

इथे एक मोठा फरक आहे. विहिरीला किंवा सापाला भिणाऱ्या माणसाचे ठोके आणि रक्तदाब वाढतात, त्यामुळे त्याला कितीही वाटले तरी त्या भीतीने तो सहसा बेशुद्ध पडत नाही. आबांना हे जरूर सांगा. रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत मात्र दाब आधी चढतो आणि मग एकदम घसरतो. म्हणून या लोकांना "अंग सैल सोडा" सांगणे घातक ठरू शकते. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी यासाठी उलटी युक्ती रुजवली. हातपाय आणि धड दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, ताठ करायचे. मग अर्धा मिनिट पूर्ववत व्हायचे. असे पाच वेळा. हेडसेट लावण्याआधी ही युक्ती शिकवावी, माणसाला झोपवून किंवा टेकवून ठेवावे आणि ज्यांना सिकलसेलचा आजार आहे त्यांच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे. खरे तर तुमच्या पाड्यावर यंत्राची गरज नाही. ही युक्ती आणि एक सतरंजी पुरेल.

अहिराणी_ओसरी

तांत्रिक बाबी मला कळत नाहीत, मी शिक्षिका आहे. पण तुमचा मार्गदर्शक आवाज कोणत्या बोलीत बोलतो? "कृपया आता आपली दृष्टी खाली वळवा" असे कोणी म्हणाले तर आबांना तहसील कचेरीत बसल्यासारखे वाटेल. "आबा, आते खाले देखा" म्हणणारा आवाज घ्या, आणि तो वयस्कर बाईचा घ्या. "भेवू नका" हे मात्र त्यात जरूर असू द्या.

गिरणाथडी

बोलीबद्दल पूर्ण सहमत. फक्त "भेवू नका" वगळा, कारण भीती वाटणे ही चूक आहे असा त्याचा अर्थ होतो. त्याऐवजी "आते कितलं भेव वाटस?" एवढे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी भीती मोजायला शून्य ते शंभर अशी मोजपट्टी दिलेली आहे, ती वापरता येईल.

आणखी एक, धागाकर्त्यांसाठी. हे घरापुरते आहे तोवर ठीक. उद्या उपचार म्हणून लोकांना देणार असाल तर १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही येते, हे विसरू नका. मान कुठे वळली याची नोंद ही त्या माणसाच्या आजाराची नोंद आहे. ती यंत्राबाहेर जाऊ देऊ नका. आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक पहिल्याच पडद्यावर मोठ्या अक्षरांत ठेवा.

तापीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

पारवे काढले. कानाच्या डॉक्टरांनी आबांचा तोल ठीक असल्याचे सांगितले, अपघाताची स्वप्ने पडत नाहीत असे आबा स्वतः म्हणाले, आणि इथल्याच एका समुपदेशकांनी सत्रांना बसायचे कबूल केले. शेतातला एक फुटका दगड आणून लाकडी घोड्यावर ठेवला. आवाज माझ्या आत्याचा आहे. शून्य ते शंभर ही मोजपट्टी पहिल्याच दिवशी फसली. आबा दर वेळी "पन्नास" म्हणत. मग त्यांनीच विचारले की आण्यांत सांगितले तर चालेल का. तेव्हापासून सोळा आण्यांची भीती ही वरची हद्द आहे, आणि या मापात ते इतके नेमके बोलतात की समुपदेशकांनीही आपली वही आण्यांवर नेली.

मान खाली वळेपर्यंत पुढची पायरी उघडत नाही, एवढा एकच नियम यंत्रात घातला. पहिल्या दिवशी कठड्यापासून चार पावलांवर चौदा आणे होते आणि "दगड हातातून सुटेल, मी आत जाईन" ही अपेक्षा त्यांनी नोंदवली. दगड सुटला नाही. तिसऱ्या सत्रात दहा आणे. चौथ्यात पुन्हा तेरा, कारण मी पाणी आटवले होते आणि तळ उघडा पडला होता. त्या दिवशी ते जेवताना कोणाशी बोलले नाहीत, आणि मी हे सगळे सोडून द्यावे की काय असे मला वाटले. समुपदेशक म्हणाले, तीच पायरी उद्या पुन्हा. पुन्हा केली. गच्चीचे म्हणाल तर आबा परवा जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत आले, तिथे बसले आणि तिथूनच माझ्या मुलाला पतंगाविषयी सूचना देत राहिले. खऱ्या विहिरीवर अजून गेलेलो नाही.

काल सहावे सत्र झाले. हेडसेट काढल्यावर त्यांना आत्याचा नेहमीचा प्रश्न विचारला, तर आणे न सांगता ते माझ्यावरच रागावले. म्हणाले, ही आपली विहीर नाहीच; आपल्या विहिरीत पाण्याच्या वरची चौथी कडी अर्धी तुटलेली आहे आणि तू ती धड दाखवली आहेस. मी छायाचित्रे काढून पाहिली. कडी तुटलेलीच आहे. मॉडेल हलके करताना माझ्या हातून ती सरसकट इतरांसारखी झाली होती. आज रात्री ती तोडायला बसतो आहे.